विश्लेषण : राजकारण हा पेशा कोणाचा? मॅक्स वेबर यांचे १९१९चे व्याख्यान आजही का शिकवले जाते?

माध्यमे आणि राजकारण यांच्या नात्यावर विद्यापीठांत पाहुण्या वक्त्यांची व्याख्याने होतात, तेव्हा एक नाव हमखास येते : मॅक्स वेबर. या जर्मन समाजशास्त्रज्ञाचे सर्वाधिक गाजलेले व्याख्यानही विद्यार्थ्यांच्याच निमंत्रणावरून झाले होते.

वेबर कोण होते?

जन्म २१ एप्रिल १८६४, एर्फुर्ट. वडील राजकारणात असल्याने घरात नेत्यांची ऊठबस असे. वेबर कायदा शिकले आणि अवघ्या तिशीत फ्रायबुर्गला अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पुढे ते हायडेलबर्गला गेले. १८९७मध्ये वडिलांशी कडाक्याचे भांडण झाले आणि काही आठवड्यांतच वडील वारले. त्यानंतर वेबर यांचे मानसिक स्वास्थ्य ढासळले. १९०३मध्ये त्यांनी प्राध्यापकपद सोडले. लेखन मात्र सुरू राहिले.

वृत्तपत्रांशी संबंध काय?

१९१०मध्ये फ्रँकफर्टला जर्मन समाजशास्त्रज्ञांची पहिली परिषद झाली. तिथे वेबर यांनी वृत्तपत्रांचा शास्त्रीय अभ्यास करण्याची योजना मांडली. वृत्तपत्राचा पैसा कुठून येतो, बातमी कोण निवडतो, वाचकाच्या मनावर काय परिणाम होतो, हे त्यांना मोजायचे होते. ही योजना तडीस गेली नाही. पण आज माध्यम अभ्यासात हेच प्रश्न विचारले जातात.

म्युनिकमध्ये काय घडले?

२८ जानेवारी १९१९. महायुद्ध हरलेल्या जर्मनीत राजेशाही कोसळून तीन महिनेही झाले नव्हते. रोझा लक्झेंबर्ग आणि कार्ल लिबक्नेश्ट यांची बर्लिनमध्ये दोन आठवड्यांपूर्वीच हत्या झाली होती. वेबर यांना स्वतःलाही निवडणुकीत उतरायचे होते, मात्र पक्षाच्या यादीत निवडून येण्याजोगे स्थान मिळाले नव्हते. अशा वेळी विद्यार्थी संघटनेने त्यांना राजकारण या पेशावर बोलायला बोलावले.

क्रांतीने भारावलेल्या तरुणांना त्यांनी टाळ्यांची वाक्ये दिली नाहीत. हेतू शुद्ध असणे पुरेसे नाही, कृतीच्या परिणामांची जबाबदारीही नेत्याने घेतली पाहिजे, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. राज्यसंस्थेची ओळख त्यांनी बळाच्या वैध वापरावरील मक्तेदारीतून करून दिली.

पत्रकारांबद्दल काय म्हणाले?

पत्रकारांची लायकी समाज त्यांच्यातल्या सर्वात वाईट माणसावरून ठरवतो, हे निरीक्षण त्यांनी नोंदवले. घड्याळाशी झुंजत केलेल्या चांगल्या पत्रकारितेला विद्वत्तेइतकीच बुद्धी लागते, असे त्यांचे मत होते. पण भांडवलदार वृत्तपत्र मालकांचे राजकीय वजन वाढते आहे आणि नोकरदार पत्रकाराचे घटते आहे, याकडेही त्यांनी लक्ष वेधले.

पुढे काय झाले?

व्याख्यान त्याच वर्षी पुस्तिकारूपाने छापले गेले. १४ जून १९२० रोजी म्युनिकमध्ये न्यूमोनियाने वेबर यांचे निधन झाले, वयाच्या ५६व्या वर्षी. अपुरे राहिलेले लेखन पत्नी मारियान यांनी प्रकाशित केले. माध्यमाची मालकी कोणाकडे आणि बातमीच्या परिणामांची जबाबदारी कोणाची, हे दोन प्रश्न मोबाइलवर बातमी वाचतानाही सुटलेले नाहीत. म्हणूनच हे व्याख्यान अजून वर्गात वाचले जाते.