विश्लेषण : लिनक्सवर माउस का बिघडतो? डग्लस एंगलबार्ट यांच्या आयुष्यात सापडणारे उत्तर

विंडोज १० चे नियमित सहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. जुना कॉम्प्युटर भंगारात न काढता त्यावर लिनक्स टाकणे हा त्यावरचा एक मार्ग. मात्र नव्या प्रणालीत माउस हाताला वेगळा लागतो. कर्सर पळतो, स्क्रोल उलटे होते, नको तिथे मजकूर उमटतो. वरळीच्या बीडीडी चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोलीत माउसला टेबलावर वीतभर जागा मिळाली तरी पुष्कळ. तिथे सेटिंग चुकले की कामच अडते. नवा माउस विकत घेण्याआधी तो घडवणाऱ्या माणसाची पद्धत समजून घेतली, तर खर्च वाचू शकतो.

एंगलबार्ट कोण होते?

डग्लस एंगलबार्ट यांचा जन्म ३० जानेवारी १९२५ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड शहरात झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ते नौदलात रडार तंत्रज्ञ म्हणून फिलिपाइन्समध्ये होते. यंत्र पडद्यावर ठिपके उमटवू शकते, तर माणूस त्याच पडद्यावर विचारही मांडू शकेल, ही त्यांची पुढची कल्पना त्या अनुभवातून आली. १९५५ मध्ये त्यांनी बर्कले येथून डॉक्टरेट मिळवली आणि १९५७ मध्ये ते स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले. कॉम्प्युटर म्हणजे आकडेमोडीचे यंत्र, असे मानण्याचा तो काळ. अवघड प्रश्न सोडवण्याची माणसाची क्षमता त्याने वाढवावी, अशी मांडणी एंगलबार्ट यांनी १९६२ च्या अहवालात केली.

माउसचीच निवड का झाली?

पडद्यावरील जागा दाखवण्यासाठी तेव्हा प्रकाशलेखणी, जॉयस्टिक, अगदी गुडघ्याने चालवायचे साधनही होते. एंगलबार्ट यांच्या चमूने ही साधने माणसांच्या हाती देऊन लागणारा वेळ आणि होणाऱ्या चुका मोजल्या. सरावलेल्या लोकांच्या हाती माउस सरस ठरला.

बिघाड शोधतानाही हीच रीत कामी येते : एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि फरक पाहायचा. आधी बॅटरी किंवा यूएसबी पोर्ट बदलावा, मग तोच माउस दुसऱ्या कॉम्प्युटरला लावावा. तिथे तो नीट चालला, तर दोष बहुधा सेटिंगचा असतो. काही क्षण हात थांबला की माउस झोपत असेल, तर यूएसबीची वीजबचत तपासावी.

कर्सर का पळतो?

पहिला माउस बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये बनवला. लाकडी ठोकळ्याखाली एकमेकांशी काटकोनात दोन चाके होती. एक आडवी हालचाल मोजे, दुसरे उभी. आज चाकांची जागा प्रकाशाने घेतली, पण माउस अजूनही फक्त किती सरकला एवढेच कळवतो. कर्सरने पडद्यावर किती जायचे, हे सॉफ्टवेअर ठरवते.

त्यासाठी लिनक्सच्या सेटिंगमध्ये ‘माउस आणि टचपॅड’ उघडावे. जागा कमी असेल तर पॉइंटरचा वेग वाढवून ॲक्सलरेशन चालू ठेवावे. म्हणजे हात झटकन हलला की कर्सर लांब जातो. बारीक चित्रकामासाठी ते बंद केलेले बरे. स्क्रोलची दिशा आणि डावखुऱ्यांसाठी बटणांची अदलाबदलही तिथेच होते. टर्मिनलमधून ‘एक्सइनपुट’ने केलेले बदल पुन्हा लॉगिन केल्यावर टिकत नाहीत, म्हणून कायमचा बदल सेटिंगमधूनच करावा.

मधले बटण कशासाठी?

एंगलबार्ट यांच्या पुढच्या माउसला तीन बटणे होती. लिनक्सवर मधले बटण, म्हणजे आता स्क्रोलचे चाक, दाबले की निवडलेला मजकूर पेस्ट होतो. अनेकांना हा बिघाड वाटतो. ती जुनी सोय आहे.

श्रेय आणि पैसा कोणाला मिळाला?

९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्ट यांनी दीड तासाच्या प्रात्यक्षिकात माउस, लिंक आणि दूरच्या सहकाऱ्याबरोबर व्हिडीओवरून एकत्र काम करून दाखवले. माउसचे पेटंट १७ नोव्हेंबर १९७० रोजी मंजूर झाले, पण हक्क संस्थेकडे होते. एंगलबार्ट यांना रॉयल्टी मिळाली नाही. पुढे अनेक सहकारी झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात गेले आणि त्यांची प्रयोगशाळा विकली गेली. १९८४ मध्ये ॲपलच्या मॅकिंटॉशने माउस घराघरांत पोहोचवायला सुरुवात केली. १९८७ मध्ये पेटंटची मुदत संपली. संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार एंगलबार्ट यांना १९९७ मध्ये मिळाला. २ जुलै २०१३ रोजी त्यांचे निधन झाले.

माउस हा त्यांच्या कामाचा छोटा भाग होता. साधनाने माणसाची ताकद वाढवावी, हे मूळ उद्दिष्ट होते. म्हणूनच कर्सर ऐकत नसेल, तर आपल्याला कॉम्प्युटर जमत नाही असे मानून गप्प बसू नये. सेटिंग आपल्या हाताच्या आणि टेबलाच्या मापाने बदलून घ्यावे.