महर्षी विठ्ठल रामजी शिंदे : एका पराभूत उमेदवाराची थोरवी

थोर पुरुषांची चरित्रे आपण बहुधा त्यांच्या विजयांसाठी वाचतो. परंतु काही पुरुष असे होऊन गेले, की त्यांच्या पराजयापासूनही पुढील पिढीस पुष्कळ शिकता येते. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे हे अशांपैकीच एक होत. अस्पृश्यतानिवारणाचे त्यांचे कार्य सर्वविश्रुत आहे. पण 1920 साली ते निवडणुकीस उभे राहिले होते व पराभूत झाले, ही गोष्ट फार थोड्यांच्या स्मरणात आहे. प्रस्तुत लेखात ह्या प्रसंगास मुख्य स्थान दिले आहे. त्याचे कारण वाचकांस पुढे कळून येईल.

विठ्ठलरावांचा जन्म 23 एप्रिल 1873 रोजी त्या वेळच्या जमखंडी संस्थानात, एका मराठा कुटुंबात झाला. वडील रामजीबाबा हे वारकरी पंथाचे भाविक गृहस्थ होते. घरची परिस्थिती बेताची; तथापि मुलाची बुद्धी तीव्र आणि विद्येची ओढ विलक्षण. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून 1898 साली ते पदवीधर झाले. पुढे प्रार्थना समाजाशी संबंध आला आणि 1901 साली धर्मांच्या तुलनात्मक अभ्यासासाठी ते ऑक्सफर्ड येथील मँचेस्टर कॉलेजात गेले. 1903 साली परतल्यावर मोठ्या पगाराच्या नोकरीकडे न वळता त्यांनी प्रार्थना समाजाचे प्रचारकपद पत्करले.

दिनांक 18 ऑक्टोबर 1906 रोजी मुंबईस परळ येथे त्यांनी भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळीची स्थापना केली. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा व वसतिगृहे काढली. नुसती व्याख्याने देऊन ते थांबले नाहीत. ज्यांच्यासाठी कार्य करावयाचे त्यांच्याच वस्तीत ते सहकुटुंब राहिले. भगिनी जनाक्का ह्यांनीही ह्या कामास वाहून घेतले. आपल्याच जातीच्या लोकांनी ह्याबद्दल त्यांस दूर लोटले, तरी त्यांनी माघार घेतली नाही. 1912 साली त्यांनी पुण्यास वास्तव्य हलविले व तेथे मिशनच्या कार्यास जोर आणला.

पुण्याच्या वास्तव्यात त्यांचा स्थानिक कारभाराशी निकट संबंध आला. 1920 साली पुणे नगरपालिकेपुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आला, तेव्हा ही सक्ती केवळ मुलांपुरती असावी असा एका पक्षाचा आग्रह होता. मुलींस वगळल्यास अर्धा समाज अंधारात राहील, अशी विठ्ठलरावांची भूमिका होती. श्रीमती रमाबाई रानडे ह्यांच्यासारख्या थोर स्त्रिया ह्या चळवळीच्या अग्रभागी होत्या आणि विठ्ठलराव त्यांच्या पाठीशी उभे राहिले. नगरपालिकेचा पैसा हा सर्व रहिवाशांचा असल्यामुळे त्याचा लाभही सर्वांस मिळाला पाहिजे, असे हे साधे तत्त्व होते. शंभर वर्षांनंतरही ते आचरणात आणणे आपणांस जड जाते.

त्याच वर्षी मुंबई कायदे कौन्सिलाची निवडणूक आली. 1919 च्या सुधारणांच्या कायद्यान्वये मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवण्यात आल्या होत्या. मताधिकार सर्वांस नव्हता; सारा, कर अथवा मालमत्ता ह्यांच्या अटी पुऱ्या करणाऱ्या थोड्या लोकांपुरताच तो मर्यादित होता. विठ्ठलराव जन्माने मराठा, विद्वान आणि लोकसेवक. राखीव जागेचा मार्ग त्यांस मोकळा होता. परंतु त्यांनी तो स्वीकारला नाही. एका जातीचा प्रतिनिधी म्हणून कौन्सिलात जाणे त्यांच्या मनास पटेना. त्यांनी बहुजन पक्षाचा जाहीरनामा काढला आणि पुण्याच्या सर्वसाधारण जागेसाठी ते उभे राहिले. बहुजन ह्या शब्दाने त्यांस कोणतीही एक जात अभिप्रेत नव्हती. विद्या, धन आणि अधिकार ह्यांपासून दूर राहिलेले शेतकरी, कारागीर, मजूर, अस्पृश्य व स्त्रिया ह्या सर्वांचा त्यात समावेश होता.

परिणाम काय झाला? ब्राह्मणेतर पक्षाच्या पुढाऱ्यांस ते ब्राह्मणांकडे झुकलेले वाटत, तर सनातनी मंडळींस ते धर्म बुडविणारे सुधारक वाटत. दोन्ही तटांच्या मध्ये उभ्या राहणाऱ्यास दोहींकडचे घाव सोसावे लागतात. मागे मोठा पक्ष नाही, जातीचे पाठबळ नाही आणि पैशाचे तर नाहीच. ते पराभूत झाले.

पराभवानंतर कटुता धरून ते स्वस्थ बसले नाहीत. 1923 साली मिशनच्या कारभारातून ते निवृत्त झाले. ज्यांच्यासाठी संस्था काढली त्यांच्या हाती तिची सूत्रे जावीत, हा विचार त्यामागे होता. सत्तेच्या जागेवर येण्यासाठी धडपडणारे अनेक असतात, पण हातची जागा वेळीच सोडणारे विरळा. पुढे शेतजमिनींच्या तुकडेबंदीचे बिल आले, तेव्हा लहान शेतकऱ्यांच्या बाजूने ते उभे राहिले आणि अखेर सरकारला ते बिल मागे घ्यावे लागले. 1930 च्या कायदेभंगात त्यांनी येरवड्याचा कारावास भोगला. 1933 साली त्यांचा भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न हा संशोधनग्रंथ प्रसिद्ध झाला. दिनांक 2 जानेवारी 1944 रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले.

आता हा प्रसंग मालवणच्या किनाऱ्यावरील वाचकांपुढे का ठेवला, ते सांगतो. शिक्षकाच्या नोकरीत असताना निवडणुकीच्या कामावर मला अनेकदा जावे लागले. आपल्याकडील ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पक्षांची अधिकृत चिन्हे नसतात. कायद्याच्या दृष्टीने प्रत्येक उमेदवार स्वतंत्रच असतो. प्रत्यक्षात मात्र वाडी, भावकी आणि देवळाचा मान ह्यांची गणिते मतदानाच्या आदल्या रात्रीच मांडून झालेली असतात. एका गावी एक सालस गृहस्थ कोणत्याही पॅनेलात न शिरता उभे राहिले. पाणंद, विहीर आणि शाळेचे छप्पर ह्यांखेरीज त्यांनी दुसरा विषय काढला नाही. मतमोजणीत त्यांस इतकी थोडी मते पडली, की त्यांच्या भावकीनेही त्यांस मते दिली नव्हती, हे उघड झाले. लोक हसले. पुढल्या पावसाळ्यात शाळेचे छप्पर गळू लागले, तेव्हा पोरांसाठी ताडपत्री घेऊन हेच गृहस्थ प्रथम धावले. त्या दिवशी कोणी हसले नाही.

आपली ही स्मरणिका एका ज्ञातीची आहे. ज्ञातीने आपल्या मुलांस शिकवावे, गरजूंस हात द्यावा, वधूवरांची सोय पाहावी. ही कामे चांगली आहेत व ती चालू राहावीत. दुर्बलांसाठी कायद्याने राखलेल्या जागांविषयीही माझा आक्षेप नाही. शतकांचा अन्याय दूर करण्याचा तो एक मार्ग आहे. परंतु मतपेटीपुढे उभे राहताना उमेदवार आपला आहे का, एवढेच विचारून आपण थांबतो, तेव्हा गावाचे नुकसान होते आणि अंती ज्ञातीचेही होते. विहिरीचे पाणी आटले, म्हणजे ते सर्व वाड्यांचे आटते.

विठ्ठलरावांस सोपी वाट उपलब्ध असताना त्यांनी अवघड वाट धरली आणि तीवर ते हरले. त्यांची थोरवी त्या हरण्याने अणुमात्र कमी झाली नाही. आपल्या तरुणांपैकी कोणी उद्या गावच्या कारभारासाठी एकटा उभा राहिला, तर तो आपल्या जातीचा असो वा नसो, त्याचे म्हणणे एकवार शांतपणे ऐकून घ्यावे आणि मग मत द्यावे. एवढे आपण केले, तर महर्षींच्या स्मृतीस वाहिलेली ती खरी आदरांजली होईल.