पंडिता रमाबाई आणि दुष्काळातील लेकरे

आपल्या न्हावा-शेव्याच्या किनाऱ्यावर उभे राहून पश्चिमेकडे दृष्टी टाकली म्हणजे पाण्यापलीकडे मुंबई दिसते. १९८९ साली येथे मोठे बंदर झाले आणि २०२४ साली शिवडीपर्यंतचा सागरी पूल खुला झाला. त्यामुळे हा किनारा पूर्वी कसा होता याची कल्पना आमच्या बालवाचकांस येणे कठीण आहे. १८८३ सालच्या एप्रिल महिन्यात इकडे मिठागरे आणि कोळ्यांचे मचवे होते, आणि पलीकडच्या बंदरातून एक आगबोट विलायतेस निघाली होती. तीत सुमारे पंचवीस वर्षांची एक ब्राह्मण विधवा होती व तिच्यासमवेत दोन वर्षांची कन्या होती. तिच्याजवळ द्रव्य नव्हते, आणि माहेर असे काही उरलेच नव्हते. पंडिता रमाबाई त्या याच.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या अरण्यात गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. स्त्रियांस संस्कृत शिकविणे पाप मानले जाई अशा काळी त्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, ती विद्या दिली आणि त्याबद्दल स्वजनांचा रोष सोसला. अतिथींच्या सत्कारात घरचे सर्व धन संपले, कर्ज झाले, आणि रमा तान्ही असतानाच कुटुंब तीर्थयात्रेस बाहेर पडले. ते पुन्हा कोठे स्थिर झाले नाही. मुक्कामाच्या ठिकाणी पुराणे सांगावी आणि श्रोते देतील त्यावर निर्वाह करावा, असा क्रम होता. पहाटे, दिवसाची कामे सुरू होण्यापूर्वी, आई मुलीस पाठ देई. भागवताचे अठरा हजार श्लोक रमाबाईंस मुखोद्गत झाले ते अशा रीतीने. शाळा त्यांनी पाहिलीच नव्हती.

पुढे मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. प्रथम दागिने विकले, मग चांदीची भांडी, मग तांब्याची. शेवटी विकण्यासारखे काही राहिले नाही. भीक मागण्याची लाज वाटे आणि मजुरी करण्याची सवय नव्हती. रानातला पाला व बोरे खाऊन दिवस काढता काढता वडील गेले. थोड्याच काळाने आईने अंथरूण धरले. तिला बाजरीच्या भाकरीची इच्छा झाली, म्हणून रमा शेजारच्या एका ब्राह्मण बाईच्या दारात गेली. परंतु मागण्यासाठी जीभच रेटेना. त्या बाईने तिच्या मुद्रेवरून ओळखले आणि तुकडा हाती ठेवला. तो घेऊन ती आली, पण आईला आता खाण्याचेही त्राण नव्हते. आई वारली तेव्हा खांदा देण्यास माणसे मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथी रमा. ती उंचीने लहान, म्हणून खांद्यावर न पेलणारा भार तिने डोक्यावर घेतला. स्मशान तीन मैल दूर होते. वर्गात हा प्रसंग सांगताना मी नेहमी जरा थांबते. मुलेही आपोआप शांत होतात. मोठी बहीणही पुढे मरण पावली.

उरलेली दोघे भावंडे हिंदुस्थानभर पायी फिरली. १८७८ साली ती कलकत्त्यास पोचली. तेथील पंडितांनी परीक्षा घेऊन रमाबाईंस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या, आणि एका दिवसात अनाथ मुलगी देशभर प्रसिद्ध झाली. १८८० साली भाऊ निवर्तला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास या बंगाली वकिलाशी विवाह केला. जातीचा प्रश्न दोघांनीही मानला नाही. कन्या मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीस पटकीने गाठले. त्यानंतर त्या पुण्यास आल्या आणि तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला.

विलायतेस त्या गेल्या त्या वैद्यकी शिकण्यासाठी. तथापि कानांनी दगा दिला. ऐकू कमी येऊ लागल्याने तो बेत सोडावा लागला. वाँटेज येथील भगिनींच्या मठात त्यांचे वास्तव्य होते. त्या भगिनी लंडनमध्ये पतित स्त्रियांसाठी एक आश्रम चालवीत. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांस इतक्या मायेने वागविणे रमाबाईंनी पूर्वी कोठे पाहिले नव्हते. हे प्रेम आले कोठून, असे त्यांनी विचारले, तेव्हा प्रभू येशू व शोमरोनी स्त्री यांची विहिरीवरील भेट त्यांना वाचून दाखविण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. परंतु आपली बुद्धी त्यांनी कोणाच्या स्वाधीन केली नाही. सिद्धांतांविषयी त्या आपल्या गुरुभगिनींशी पत्रांतून कडाडून वाद घालीत, आणि त्याबद्दल त्यांना अहंकारी म्हणणारेही निघाले. स्वतःच्या समजुतीने चालणाऱ्या शिष्येवर गुरुजन बहुधा प्रसन्न नसतात. आम्हा शिक्षकांसही हे ठाऊक आहे.

अमेरिकेत साहाय्य मिळवून त्या परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढल्याच वर्षी ते पुण्यास नेले. तेथे कोणावरही धर्माची सक्ती होणार नाही असे वचन होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. यावरून १८९३ साली वर्तमानपत्रांत गदारोळ उठला, रानडे व भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही. विश्वासाने धाडलेल्या मुलीविषयी आईबापांस काळजी वाटणारच. परंतु दार लावून प्रार्थना करणे रमाबाईंस लपवाछपवीसारखे वाटले. त्यांनी दार उघडे ठेवले आणि नुकसान सोसले.

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याची वार्ता आली. सदनाच्या तिजोरीत नव्या मुलींसाठी पैसा नव्हता, म्हणून प्रथम रमाबाईंचेही मन कचरले. परंतु भूक म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. त्या स्वतः तिकडे गेल्या. अनाथ मुलींस अन्नाचे आमिष दाखवून पळविणारे लोक तेथे फिरत होते. रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली आणल्या. त्यांत अस्थिपंजर झालेल्या, रोगाने जर्जर, अंगावर धड वस्त्र नसलेल्या किती तरी होत्या. कित्येकींना वाचविता आले नाही. तशात पुण्यात प्लेगची साथ आली आणि शहरात इतक्या मुली ठेवू नयेत असा सरकारी हुकूम झाला. दौंडच्या वाटेवर केडगाव येथे रमाबाईंनी फळबागेसाठी जमीन घेऊन ठेवली होती. तेथे तंबू व छपरे उभारून मुलींस नेले, आणि त्याच माळावर १८९८ साली मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. भाकरी फुकट मिळे, पण काम सर्वांस असे: विणकाम, शेती, गुरे, तेलाचा घाणा, छापखाना. मनोरमाबाई आंध मुलींस बोटांनी वाचावयास शिकवीत. पतित स्त्रियांसाठी कृपा सदन निराळे होते.

छापखान्याचे कारण मोठे होते. मराठी पवित्र शास्त्राची भाषा खेडुतांस जड जाते हे पाहून रमाबाईंनी ते सोप्या मराठीत आणण्याचे योजिले. त्यासाठी उतारवयात त्या इब्री व ग्रीक या मूळ भाषा शिकल्या. संस्कृतात पारंगत असलेल्या या विदुषीने कठीण संस्कृत शब्द कटाक्षाने दूर ठेवले, हे विशेष होय. खिळे जुळविणाऱ्या आणि पाने छापणाऱ्या आश्रमातल्याच स्त्रिया. त्यांतील अनेकींनी अक्षरओळख तेथेच करून घेतली होती.

१९२१ च्या जुलैत मनोरमाबाई वारल्या. ज्या मुलीला कडेवर घेऊन समुद्र ओलांडला आणि जिच्या हाती आश्रम सोपवावयाचा होता, तीच गेली. रमाबाईंची प्रकृती ढासळत चालली होती आणि कानांनी जवळजवळ काही ऐकू येत नव्हते. त्या पुन्हा मुद्रिते तपासावयास बसल्या. काम हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेवला. मुक्ती मिशन आजही तेथे चालू आहे.