बाबूराव पेंटर : हरवलेल्या चित्रपटांचा दिग्दर्शक

चित्रपटाच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ दिग्दर्शक कोण, या वादात तुम्हीही कधीतरी भाग घेतला असेल. हिचकॉक, ओझू, सत्यजित राय ही नावे त्यात हमखास येतात. मराठी माणसांत वाद रंगला, तर व्ही. शांताराम येतात. शांतारामबापूंचे गुरू बाबूराव पेंटर यांचे नाव मात्र क्वचितच निघते, आणि निघाले तरी ‘आद्य’ या विशेषणासह. ‘आद्य’ आणि ‘श्रेष्ठ’ ही विशेषणे एका जातीची नाहीत. पहिले कालक्रम सांगते, दुसरे गुणवत्तेचा निवाडा करते. (जाता जाता : संस्कृतात ‘श्रेष्ठ’ हेच मुळात तमभाववाचक रूप आहे, ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणताना आपण त्यावर आणखी एक कळस चढवतो.) बाबूरावांचे चरित्र वाचताना हा भेद ध्यानात ठेवा.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म 3 जून 1890 रोजी कोल्हापुरात झाला. चित्रकला व शिल्पकला त्यांनी कोणत्याही कलाशाळेत न जाता, हातानेच आत्मसात केली. बंधू आनंदराव यांच्यासह ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागले. या पडद्यांची ख्याती इतकी पसरली की ‘पेंटर’ हेच दोघांचे आडनाव झाले. पुढे दोघांना चलच्चित्राचे वेड लागले. विलायती कॅमेरा विकत घेणे परवडण्याजोगे नव्हते, म्हणून तो स्वतःच बनवण्याचा त्यांचा ध्यास होता. 1916 मध्ये आनंदराव अकाली वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने कॅमेरा पूर्ण केला आणि गायिका तानीबाई कागलकर यांच्या आर्थिक पाठबळावर ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभी केली.

‘सैरंध्री’ हा त्यांचा मूकपट 1920 मध्ये पुण्यात प्रदर्शित झाला. विषय कीचकवधाचा. याच कथेवरील खाडिलकरांच्या नाटकावर सरकारने 1910 मध्ये बंदी घातली होती, हे तुम्ही नाटकाच्या अभ्यासात वाचले असेल. हा मूकपट पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

आता एक विसंगती पाहा. ज्या माणसाचे नाव रंगवलेल्या पडद्यांमुळे झाले, त्यानेच चित्रपटातून ते पडदे हद्दपार केले. सपाट पडद्यावर रंगवलेला महाल रंगभूमीवर खपतो. कॅमेऱ्यापुढे त्याचा सपाटपणा उघडा पडतो. बाबूरावांनी त्या जागी लांबी-रुंदी-खोली असलेले नेपथ्य उभारले. चित्रीकरणाआधी ते पात्रांचे पेहराव आणि प्रसंगांची मांडणी रेखाटून ठेवीत. ‘सिंहगड’मध्ये (1923) रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. ‘दिग्दर्शक’ म्हणजे दिशा दाखवणारा. बाबूराव प्रत्येक चौकटीत प्रेक्षकाच्या नजरेला दिशा देत होते. हे काम केवळ तंत्रज्ञाचे नव्हे.

परंतु श्रेष्ठत्वाच्या वादात त्यांचे नाव घ्यायचेच, तर ते ‘सावकारी पाश’साठी घ्यावे, असे माझे मत आहे. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील हा मूकपट 1925 चा. सावकाराच्या कर्जात जमीन गमावून शहरात गिरणी कामगार होणारा तरुण शेतकरी त्यात शांतारामांनी रंगवला होता. देव, राक्षस आणि राजे यांनी पडदा व्यापलेला असताना कर्जबाजारी कुणबी नायक होतो, ही घटना लहान नाही. इटलीतील ‘बायसिकल थीव्हज’ 1948 चा, बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ 1953 चा. पुराणकथांना सरावलेल्या प्रेक्षकांनी मात्र ‘सावकारी पाश’ला थंडा प्रतिसाद दिला.

हा मूकपट आज आपल्याला पाहता येत नाही. त्या काळच्या बहुतेक मूकपटांप्रमाणे बाबूरावांचेही बहुतांश काम नष्ट झाले; ‘मुरलीवाला’ आणि ‘सती सावित्री’ (दोन्ही 1927) यांचे काही भाग तेवढे उरले. ‘सावकारी पाश’च्या नंतरच्या बोलपट आवृत्तीविषयी निर्माते-दिग्दर्शक जे. बी. एच. वाडिया यांनी पुढे जी आठवण नोंदवली, तिच्यात अंधूक प्रकाशातील उदास झोपडी आहे आणि एका कुत्र्याचे रडणे आहे.  ज्या दिग्दर्शकाने कुत्र्याचे रडणे प्रेक्षकाच्या कानात कायमचे ठेवले, त्याला ‘आद्य’ म्हणून हार घालून मोकळे होणे मला अपुरे वाटते. त्याचबरोबर, जी कृती डोळ्यांनी पाहिली नाही, तिला जगात पहिला क्रमांक देणेही समीक्षेच्या शिस्तीत बसत नाही. श्रेष्ठांच्या याद्या तयार होतात त्या उपलब्ध चित्रपटांच्या आधारे. कोणताही निवाडा वाचताना त्यामागे किती पुरावा शिल्लक आहे, हे तुम्ही अवश्य विचारा.

1929 मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी कंपनी सोडून ‘प्रभात’ची स्थापना केली. शिष्यांची ही पिढी गेल्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनी फार काळ टिकली नाही. बोलपटाच्या युगात बाबूरावांचे मन पूर्णपणे रमले, असे म्हणवत नाही. ‘सावकारी पाश’ त्यांनी 1936 मध्ये बोलपट म्हणून पुन्हा केला. त्याच वर्षी ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ आला आणि पुढच्या वर्षी तो व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्याचे दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल हे बाबूरावांच्याच हाताखाली तयार झालेले. ‘लोकशाहीर राम जोशी’ (1947) बाबूरावांनी सुरू केला, पूर्ण केला तो शांतारामांनी. 16 जानेवारी 1954 रोजी बाबूरावांचे निधन झाले. तुमच्यापैकी जे कोल्हापूरचे आहेत त्यांनी खरी कॉर्नरवर कॅमेऱ्याचे स्मारक पाहिले असेल. महाराष्ट्र फिल्म कंपनी त्याच परिसरात होती.