जेम्स प्रेस्कॉट ज्यूल

सकाळीं स्नानास ऊन पाणी तयार मिळतें. पण त्या एका बादलीमागें किती उष्णता खर्च पडली, हा विचार थोड्यांच्याच मनांत येतो. हा हिशेब ज्या पुरुषाच्या परिश्रमांनीं सुलभ झाला, त्याचें अल्प चरित्र आम्ही विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सादर करीत आहों.

ज्यूल यांचा जन्म ता. २४ डिसेंबर १८१८ रोजीं इंग्लंडांतील सॅल्फर्ड येथें झाला. वडिलांचा बीअर तयार करण्याचा कारखाना होता. प्रकृति नाजूक असल्यामुळें त्यांचें शिक्षण घरींच झालें. पुढें कांहीं काळ सुप्रसिद्ध रसायनवेत्ते जॉन डाल्टन यांनीं त्यांस शिकविलें. विश्वविद्यालयांत ते कधींच शिकले नाहींत. कारखान्याचें काम सांभाळून ते फावल्या वेळीं प्रयोग करीत.

पाण्याच्या भांड्यांत त्यांनीं फिरतीं वल्हीं बसविलीं. दोरीस बांधलेलीं वजनें खालीं उतरत, वल्हीं फिरत, आणि घुसळण्यानें पाणी किंचित् तापे. हा फरक फॅरनहाइटच्या एका अंशाहूनही कमी असे. तरी त्यांनीं तो कमालीच्या दक्षतेनें मोजला. एक पौंड पाणी एक अंश तापविण्यास लागणारी उष्णता ही ७७२ पौंड वजन एक फूट उचलण्याच्या श्रमाइतकी आहे, असें त्यांनीं १८५० सालीं प्रसिद्ध केलें.

आरंभीं विद्वानांनीं त्यांची उपेक्षाच केली. १८४३ सालीं कॉर्क येथील सभेंत त्यांच्या निबंधाकडे कोणीं फारसें लक्ष दिलें नाहीं. परंतु ते खचले नाहींत. मापन अधिकाधिक बिनचूक करीत राहिले. १८४७ सालीं ऑक्सफर्ड येथें तरुण विल्यम टॉमसन यांचें लक्ष त्यांच्या कार्याकडे वेधलें. १८५० सालीं ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले, व १८७० सालीं त्यांस कोप्ली पदक मिळालें. ता. ११ ऑक्टोबर १८८९ रोजीं त्यांचें देहावसान झालें. १८७८ सालच्या मापनांतून निघालेला ७७२.५५ हा आंकडा त्यांच्या थडग्यावर कोरलेला आहे.

आज उष्णतेच्या मापास त्यांचेंच नांव आहे. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअस तापविण्यास सुमारें ४,१८६ ज्यूल लागतात. पंधरा लिटरांची बादली २० अंशांवरून ४० अंशांवर नेण्यास सुमारें साडेबारा लक्ष ज्यूल, म्हणजे विजेच्या एका युनिटाच्या तृतीयांशाहून थोडें अधिक. अनेक बिऱ्हाडांच्या इमारतींत अभियंते नळांतून गेलेलें पाणी व त्याचें तापमान मोजून हाच गुणाकार करतात. कोणत्या घटकेस किती बिऱ्हाडें एकदम पाणी घेतात, याच्या नोंदींवरून ते पुढील गरजेचा अंदाज बांधतात. त्यामुळें टांकी अपुरीही पडत नाहीं, आणि इंधनही व्यर्थ जळत नाहीं.

एका अंशाच्या अंशासाठीं ज्यूल यांनीं वर्षानुवर्षें खर्चिलीं. प्रयोगशाळेंत तापमापक हातीं घेतांना आमच्या विद्यार्थ्यांस या चिकाटीचें स्मरण व्हावें, एवढीच आमची इच्छा आहे.