पंडिता रमाबाई : सेवेतली थोरवी

मंडळाचा साक्षरता वर्ग सुरू झाला तेव्हा मोलकरणींबरोबर चटईवर बसून शिकवण्यापेक्षा व्यासपीठावरची खुर्ची मला अधिक हवी होती, हे भगिनींनो, मी मोकळेपणाने कबूल करते. त्याच सुमारास पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचनात आले आणि माझी मलाच लाज वाटली.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. आई लक्ष्मीबाईंनी त्यांना संस्कृत शिकवले. दुष्काळाच्या दिवसांत आईवडील गेले. भावाबरोबर पायी हिंडत त्या १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. वय अवघे वीस! पुढे विवाह झाला, मनोरमा जन्मली, आणि लग्नाला दोन वर्षे होण्याआधीच वैधव्य आले.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनी त्यांनी तेथे पाहिल्या. येशूने शिष्यांचे पाय धुतले होते. त्या धर्मातला मोठेपणाचा अर्थ येथे डोळ्यांसमोर होता. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र नम्रता म्हणजे लाचारी नव्हे. त्यांनी पुरुषांना शिकवू नये असे बिशपांचे मत पडले, तेव्हा त्यांनी स्पष्ट विरोध नोंदवला.

१८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. धर्मांतराच्या आरोपावरून १८९३ मध्ये अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तरी काम थांबले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यांचे घर झाले. आंधळ्या बायकांनाही तेथे हाताला काम मिळाले.

मला सर्वांत भावली ती एक गोष्ट. अडाणी बाईलाही समजावे म्हणून त्यांनी सोप्या मराठीत बायबल उतरवायला घेतले. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. छपाईचे काम मुक्तीतल्या बायकांनीच केले. संस्कृतने पंडितांना थक्क करणारी ही विदुषी साध्या शब्दासाठी वर्षानुवर्षे खपली! १९२१ साली मनोरमा गेली, तरी लेखणी खाली ठेवली नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

आता वर्गात मी चटईवरच बसते. परवा एका बाईने स्वतःचे नाव लिहिले आणि पाटी माझ्यापुढे धरली. त्या वेळी व्यासपीठाची आठवणही झाली नाही.