जामसाहेब दिग्विजयसिंहजी : परदेशी अनाथांचे बापू



आपल्या उल्हासनगरच्या जुन्या बराकी दुसऱ्या महायुद्धात सैनिकांकरिता उभारल्या गेल्या व इ. स. १९४७ नंतर त्यांत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे राहिली, हे आपणांस विदित आहेच. घरादारास मुकलेल्या माणसास पहिल्या रात्री काय हवे असते, हे ह्या गावास कोणी शिकवावयास नको : डोक्यावर छप्पर आणि अंगावर पांघरूण. म्हणून ज्युबिलीच्या ह्या अंकात अशा एका राजाचे चरित्र देत आहे, जो आपल्या धर्माचा नव्हता, परंतु ज्याने आपल्या धर्माची शेकडो लेकरे पोटाशी धरली.

नवानगर, म्हणजे जामनगर, संस्थानचे अधिपती दिग्विजयसिंहजी ह्यांचा जन्म १८ सप्टेंबर १८९५ रोजी झाला. विख्यात क्रिकेटपटू रणजितसिंहजी हे त्यांचे चुलते. शिक्षण राजकोटास व इंग्लंडात झाले, काही वर्षे लष्करात गेली, आणि चुलत्यांच्या पश्चात १९३३ साली ते गादीवर आले. येथवरचे चरित्र इतर संस्थानिकांसारखेच आहे.

इ. स. १९४० व १९४१ मध्ये सोव्हिएत सरकारने पूर्व पोलंडमधील लक्षावधी माणसे मालगाड्यांत कोंडून सैबेरिया व कझाकस्तानात नेली. ती बहुतेक कॅथोलिक होती. तेथील हिवाळा आपल्या कल्पनेत मावणारा नव्हे. आपण माघात एक चादर जास्त घेतली की थंडी पडली म्हणतो! जुलै १९४१ मध्ये करार होऊन त्यांची सुटका झाली. अंगावरच्या चिंध्यांनिशी ती दक्षिणेकडे निघाली. वाटेत थंडीने, उपासमारीने व रोगराईने आईबाप गेले. मुले तेवढी मागे राहिली.

मुंबईतील पोलिश वकिलातीच्या पुढाकाराने लॉऱ्यांचा तांडा अन्न, औषधे व कपडे घेऊन क्वेट्टा, झाहेदान, मशहद ह्या डोंगरी मार्गाने अश्काबादपर्यंत गेला आणि परतताना त्याच लॉऱ्यांतून मुले आली. पण ती ठेवावयाची कोठे? युद्धाच्या धामधुमीत परक्या देशाच्या अनाथांचा भार घेण्यास पुढे येणारे थोडेच होते. जामसाहेब त्या वेळी नरेंद्रमंडळाचे चान्सलर होते. त्यांनी बालाचडी येथे समुद्रकाठी, आपल्या उन्हाळी महालाजवळ जागा दिली. १९४२ च्या वसंतात मुले प्रथम वांद्र्यास उतरली व पुढे जुलैत बालाचडीस गेली.

छावणीचे प्रमुख फादर फ्रान्सिशेक प्लुटा होते. तेथे शाळा होती, प्रार्थनामंदिर होते. जामसाहेब मुलांची नाटके पाहावयास येत, नाताळास भेटी आणीत. मुले त्यांस बापू म्हणत. उकडलेल्या पालकास कंटाळून मुलांनी एकदा संप केला, तेव्हा राजांनी पालक बंद करविला, असे सांगतात. मला स्वतःला ही गोष्ट मोठ्या देणगीपेक्षा अधिक वाटते. लेकरांचे रुसणे ऐकून घेतो तो बाप. आणि ह्या राजाने कोणाचाही धर्म बदलू पाहिला नाही.

युद्ध संपले, तो पोलंडात कम्युनिस्ट राजवट आली व मुले परत पाठविण्याची मागणी झाली. तेव्हा जामसाहेब, फादर प्लुटा व एक ब्रिटिश अधिकारी ह्यांनी मुलांस कायद्याने दत्तक घेतल्याचे सांगतात. १९४६ मध्ये बालाचडी बंद होऊन उरलेली मुले कोल्हापूरजवळील वळिवडे येथील मोठ्या पोलिश छावणीत गेली. तेथे १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश जन राहत होते.

स्वातंत्र्यानंतर जामसाहेब सौराष्ट्राचे राजप्रमुख झाले. पुढे संयुक्त राष्ट्रांत कोरियन युद्धाने उद्ध्वस्त झालेल्यांच्या पुनर्वसनाचे काम त्यांच्याकडे आले. ३ फेब्रुवारी १९६६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वॉर्सा शहरात आज भल्या महाराजांच्या नावाचा चौक आहे.

वळिवड्याची पोलिश मंडळी १९४८ पर्यंत निघून गेली. त्यांच्या रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबे राहावयास आली. तीच आजची गांधीनगरची कापडपेठ. आपल्यापैकी कित्येकांच्या नातलगांची लग्नाची खरेदी तेथूनच होते.